बिनतिकिटाची मुंबई

या भाषणाचे नाव ऐकून रेल्वेच्या तिकीट-तपासनिसांनी दचकू नये. गाडीचे तिकीट काढूनच बसायचे आहे. बिनतिकिटाची मुंबई म्हणजे, एकदा स्टेशनाबाहेर पडल्यावर जिच्या दारात कोणी पैशासाठी हात पुढे करत नाही, ती मुंबई. अशी मुंबई आहे, आणि ती काही लहानसहान नाही.

रविवार उजाडला की पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो, "आज कुठं जायचं?" घरात दोन मुले, नवराबायको आणि एक आजी आहे असे समजा. सिनेमाची पाच तिकिटे, मध्यंतरातले खाणे आणि रिक्षाचे भाडे, असा हिशेब मनातल्या मनात होतो आणि वडील वर्तमानपत्रात तोंड घालतात. आई म्हणते, "पुढच्या रविवारी बघू." मुले मोबाईलकडे वळतात. एक रविवार गेला, एवढ्यावरच हे थांबत नाही. आनंद विकत घ्यायचा असतो, पैसे नसले की घरी बसायचे असते, अशी एक समजूत मुलाच्या मनात हळूहळू पक्की होते. ही समजूत पुढे फार महाग पडते.

म्हणून आज मुंबईतल्या काही मोकळ्या जागांविषयी बोलायचे आहे. या जागा तुम्ही पाहिलेल्या असतील, काहींवरून रोज जातही असाल. पण त्या मोकळ्या कशा राहिल्या, हे ठाऊक असले तर तिथे जाण्यात वेगळीच गोडी येते, आणि मुलांना सांगायलाही काही हाताशी राहते. गंमत अशी की, यांतल्या बहुतेक जागा तुमच्या-आमच्या सहलीसाठी म्हणून कोणी ठेवलेल्याच नव्हत्या. एक तोफांसाठी मोकळी राहिली, दुसरी पिण्याच्या पाण्यावरचे झाकण म्हणून झाली, तिसरीच्या मुळाशी प्लेग आहे, आणि चौथी एका फसलेल्या योजनेतून उरली. माणसे मुलाबाळांसह तिथे येऊन बसू लागली, आणि बसत राहिली, म्हणून त्या जागा लोकांच्या झाल्या.

आरंभ चर्चगेटपासून करू. स्टेशनाबाहेर पडून दोन-चार मिनिटे चालले की ओव्हल मैदान लागते. जवळच क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज. पूर्वी ही चारही मिळून एकच सलग मोकळी जागा होती, आणि तिच्या पूर्वेला मुंबईचा कोट होता. शत्रू चालून आला तर कोटावरच्या तोफांच्या माऱ्याला मध्ये काही आडवे येऊ नये, म्हणून कोटाबाहेर घरे बांधायला मनाई होती. पुढे १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. तोफा गेल्या, तट गेला, पण मोकळ्या जागेचा मोठा भाग तसाच राहिला. आज तिथे रविवारी सकाळी एकाच वेळी क्रिकेटचे इतके डाव चाललेले असतात की, कोणाचा चेंडू कोणाचा क्षेत्ररक्षक अडवतो आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. खेळणाऱ्यांना मात्र बरोबर कळते!

या मैदानाच्या मधल्या वाटेवर मुलांना उभे करा आणि म्हणा, "आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे बघ, आणि मला फरक सांग." पूर्वेच्या बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडात कोरलेली पाने, फुले, प्राणी आणि चेहरे. हे सारे एकोणिसाव्या शतकातले. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्यासाठी प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यायला लावले. आता पश्चिमेकडे वळा. तिथल्या इमारती १९३० नंतरच्या. गोलाई दिलेले सज्जे, आडव्या रंगीत पट्ट्या, दारावर किरण फाकलेल्या सूर्याची नक्षी, काही इमारती तर बोटीच्या आकाराची आठवण करून देणाऱ्या. मध्ये एक मैदान, आणि दोन बाजूंना दोन काळ समोरासमोर उभे. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा मान दिला. हा वारसा पाहायला कोणतेही तिकीट लागत नाही. मान वर करावी लागते, एवढेच.

तिथून काळा घोडा पायी दहा मिनिटांवर आहे. तेथील जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. आत जायला पैसे पडत नाहीत. पुष्कळांना वाटते, चित्रांतले आपल्याला काय कळते? पण कळलेच पाहिजे असा काही नियम नाही. मुलाला एकच सांगावे, "या खोलीतलं तुला सगळ्यात आवडलेलं चित्र कुठलं, आणि का, ते बाहेर आल्यावर मला सांग." मग तो पोरगा आपोआप प्रत्येक चित्रापुढे थांबतो. पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथेच बसलेला असतो आणि मुलाने धिटाईने प्रश्न विचारला तर आनंदाने उत्तर देतो. हिवाळ्याच्या अखेरीस, बहुधा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, याच भागात काळा घोडा कला महोत्सव भरतो. तो १९९९ पासून चालू आहे, आणि त्यातले कार्यक्रम पाहायला तिकीट नसते. गर्दी मात्र असते. लहान मूल असेल तर सकाळीच उरकावे.

आणखी थोडे पुढे गेले की गेटवे ऑफ इंडिया. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज १९११ साली मुंबईच्या याच धक्क्यावर उतरला. त्याची आठवण म्हणून ही कमान योजली गेली, आणि ती पुरी झाली १९२४ साली. म्हणजे राजा आला तेव्हा कमान नव्हतीच. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीकडे गेली. राजाच्या येण्याची आठवण म्हणून बांधलेली वास्तू राज्याच्या जाण्याची खूण ठरली, ही गोष्ट मुलांना तिथेच उभे राहून सांगावी. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींपेक्षा ती जास्त दिवस लक्षात राहते.

आता पुन्हा पश्चिमेच्या समुद्राकडे वळू. मरीन ड्राइव्ह हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. कागदोपत्री तो नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. १९२० च्या सुमारास बॅकबेच्या उपसागरात भराव घालून नवी जमीन काढायची एक प्रचंड योजना सरकारने हाती घेतली. पैसा पाण्यासारखा गेला, म्हणण्यापेक्षा पाण्यातच गेला. खुर्शेद नरिमन यांनी त्या कारभारावर असे कोरडे ओढले की, एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती फिर्याद नरिमन यांनी जिंकली. योजना अर्धवट राहिली. पण जेवढी झाली तेवढ्यातून समुद्राच्या काठाने एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या कडेचा तो रुंद कठडा मुंबईला मिळाला. ज्या टोकाला पुढे आणखी भराव झाला, त्याचे नाव नरिमन पॉइंट. टीका करणाऱ्याचे नाव जागेला मिळावे, असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

या कठड्यावर बसायला कोणाची शिफारस लागत नाही. तिथे बसून करायचे काय, असे कोणी विचारील. एक सुचवतो. कठड्याच्या मधल्या भागात एक जागा ठरवा. समोरच्या एखाद्या दिव्याच्या खांबाची खूण ठेवली तरी चालेल. महिन्यातून एकदा त्याच जागी बसून सूर्य कुठे मावळतो ते पाहा. डिसेंबरात तो डाव्या हाताला, मोकळ्या समुद्रात बुडताना दिसेल. पुढे दर महिन्याला उजवीकडे सरकत सरकत मे-जूनच्या सुमारास तो मलबार हिलच्या मागे जाईल. मुलाने वहीत प्रत्येक वेळी एक छोटे चित्र काढावे. वर्षाच्या शेवटी उत्तरायण म्हणजे काय आणि दक्षिणायन म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही. त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले असेल.

कठडा संपतो तिथे गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत निधन झाले, आणि त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले ते याच वाळूत. त्यांचा पुतळा तिथे आहे. वाळूत किल्ला करणाऱ्या मुलाला क्षणभर उठवून तो दाखवावा, आणि मग पुन्हा किल्ल्याकडे जाऊ द्यावे. इतिहास फार वेळ सांगू नये. वाळूचा किल्ला भरतीच्या आत पुरा व्हायचा असतो!

चौपाटीपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर दोन जागा आहेत, त्या चुकवू नयेत. एक ऑगस्ट क्रांती मैदान, म्हणजे जुने गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ रोजी तिथे काँग्रेस महासमितीने 'चले जाव'चा ठराव मंजूर केला. दुसरी मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुधा याच घरी उतरत. १९३२ च्या जानेवारीत पहाटे पोलिसांनी त्यांना अटक केली तीही याच घराच्या गच्चीवरून. त्यांच्या जीवनातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेले आहेत. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते समजतात, आणि आजीला तर त्यातले बरेचसे आधीच ठाऊक असते. अशा वेळी आजीलाच बोलू द्यावे, आपण मागे राहावे.

मग बसने मलबार हिलवर चढायचे. वरच्या फिरोजशहा मेहता उद्यानाला आपण हँगिंग गार्डन म्हणतो. १८८१ सालची ही बाग. मुलाला विचारा, "आपण कशावर उभे आहोत?" तो म्हणेल, "मातीवर." त्याला सांगा की, या मातीखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे, आणि दक्षिण मुंबईतल्या कितीतरी घरांच्या नळांना इथून पाणी जाते. टाकीवर झाकण हवे, झाकणावर माती घातली, मातीवर बाग केली. टेकडीच्या उंचीमुळे पाणी आपल्या भाराने खाली उतरते. उंच जागीच टाकी का बांधली, हे कोडे मुलाला घालून पाहा. उत्तर सापडले की त्याला घरातला नळही नव्याने दिसू लागतो.

समोरच कमला नेहरू पार्क. इंग्रजी बडबडगीतातल्या म्हातारीचा बूट इथे आहे. मुंबईत वाढलेल्या बहुतेकांच्या लहानपणीच्या फोटोंच्या वहीत या बुटाचा एक फोटो सापडतोच. बागेच्या कडेवरून खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचे सबंध वळण दिसते. दिवेलागणीला त्यालाच राणीचा रत्नहार म्हणतात. या डोंगरावर २०२५ साली झाडीतून जाणारी एक उंच लाकडी वाटही झाली. पण तिला तिकीट आहे, म्हणून आजच्या आपल्या यादीत ती बसत नाही.

उतरताना वाळकेश्वरच्या बाणगंगेवरून यावे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, भोवती देवळे आणि जुनी घरे. रामाने बाण मारून पाणी काढले ही कथा सर्वांना माहीत असते. आज दिसणारा तलाव अठराव्या शतकात नव्याने बांधलेला आहे. पण खरे नवल असे की, समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडे आहे. जमिनीखालचा जिवंत झरा या तलावाला पाणी पुरवतो. खारे पाणी इतके जवळ असताना गोडे पाणी कसे टिकते, हा प्रश्न मुलाच्या विज्ञानाच्या बाईंना विचारण्यासारखा आहे.

आतापर्यंत आपण दक्षिणेकडेच फिरलो. दादरकडच्या मंडळींनी रागावू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळी, हवा नाही, उजेड नाही, आणि माणसे पटापट मेली. त्यातून धडा घेऊन १८९८ साली शहर सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. पुढे त्याने दादर-माटुंगा भाग आखला, तो रुंद रस्ते, झाडे आणि मोकळी मैदाने ठेवून. आजचे शिवाजी पार्क हे त्याच आखणीचे फळ. १९२५ साली ते लोकांना खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या, आणि रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला तोही इथल्याच मातीत.

या मैदानाभोवतीचा कट्टा ही एक संस्थाच आहे. सकाळी फिरायला आलेले पेन्शनर, दुपारी अभ्यासाची पुस्तके घेतलेली मुले, संध्याकाळी सगळेच. ज्या कुटुंबाला फार दूर जायचे नाही, त्यांनी कट्ट्यावर बसून मैदानाकडे तोंड करावे. क्रिकेट, फुटबॉल आणि मल्लखांब, काही ना काही चाललेलेच असते. मल्लखांबावर आपल्याच वयाच्या मुली दोरावर उलट्या लटकलेल्या पाहिल्या की, घरी कंटाळलेली मुलगी विचारते, "बाबा, मला पण शिकायचंय." त्या रविवारी तिला काहीतरी मिळाले, आणि खर्च शून्य.

आता मुंबईतल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या मोकळ्या जागेकडे येतो. तो म्हणजे समुद्रकिनारा. त्याचे वेळापत्रक वाचायला आले पाहिजे. कोकणातल्या जाणत्या माणसांचा एक ठोकताळा आहे, तो मुंबईला चांगला लागू पडतो. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, आणि म्हणूनच हा पाऊणपटीचा हिशेब जुळतो. नेमकी मिनिटे हवी असतील तर छापील कोष्टके आहेत. पण भिंतीवरच्या कालनिर्णयावरून भरती सांगता येणारा मुलगा चाळीत भाव खाऊन जातो, हे निश्चित.

याचा उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून दोन-तीन दिवस झाले की उधाणाचा जोर असतो. त्या दिवसांत पाणी जास्त चढते, तसेच जास्त उतरतेही. अशा द्वितीया-तृतीयेला रविवार आला, तर सकाळी सात ते साडेआठच्या सुमारास वांद्र्याच्या कार्टर रोडजवळ किंवा हाजीअलीजवळ खडक उघडे पडतात. खडकांमधल्या डबक्यांत वाकून पाहा. पाठीवर दुसऱ्याचा शंख घेऊन चालणारा खेकडा, हात लावताच मिटून जाणारे समुद्रपुष्प, खडकाला घट्ट धरून बसलेली कालवे, आणि पायाखाली सुळकन पळणारे लहान मासे दिसतात. मुंबईच्या समुद्रात आता काय उरले आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळ उरले आहे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी हेच सामान्य लोकांना किनाऱ्यावर नेऊन दाखवत आली आहेत.

हाजीअलीच्या दर्ग्याची वाट तर भरती-ओहोटीचा चालताबोलता धडाच. उधाणाला ती पाण्याखाली जाते आणि पाणी उतरले की मोकळी होते. वेळ पाहूनच निघावे लागते.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात शिवडीच्या बाजूच्या चिखलाटीवर रोहित पक्षी उतरतात. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात. ते चोच उलटी करून चिखलातले बारीक शेवाळ गाळून खातात, आणि त्यातल्या रंगद्रव्यानेच त्यांना तो गुलाबी रंग येतो. पूर्ण ओहोटीला ते फार लांब असतात, पूर्ण भरतीला चिखल बुडालेला असतो. तेव्हा दोन्हींच्या मधली वेळ साधावी, म्हणजे पुन्हा तो तिथीचा हिशेब. धक्क्यापर्यंत जाता येते की नाही याची आधी चौकशी करावी. त्या बाजूला बंदराची आणि पुलाची कामे झालेली आहेत. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीहूनच निघतो. पलीकडच्या ठाणे खाडीत २०१५ साली या पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

समुद्राचे एक मात्र कठोरपणे पाळायचे. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी खडकात उतरायचे, आणि पाणी परतू लागले की एकही शिंपला न उचलता वर यायचे. भरती पुढून येते असे आपल्याला वाटते, पण खडकांत ती बाजूने आणि मागूनही येते, आणि परतीची वाट आधी बुडते. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरतो. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नये आणि लाटांच्या आड कठड्यावर उभे राहू नये. श्रावणाच्या सुमारास वाळूत निळे, फुग्यासारखे दिसणारे विषारी जीव वाहून येतात. मुले ती फुग्यासारखी उचलायला जातात. मेलेला दिसला तरी तो दंश करतो. दर पावसाळ्यात या शहरात कोणाच्या तरी घरचे मूल समुद्राकडून परत येत नाही. फुकटची सहल इतकी महाग पडता कामा नये.

आता थोडे व्यवहाराचे. एका दिवसात एकच जागा. फार तर दोन. सगळी मुंबई एका रविवारात दाखवायला गेलात तर संध्याकाळी मुले रडतात आणि मोठे भांडतात. घरून दशम्या, उकडलेली अंडी किंवा शेंगदाण्याचे लाडू न्यावेत आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात. भेळ खायचीच असेल तर ती ठरवून, शेवटी. "हे घ्या, ते घ्या" म्हणून मुले हट्ट धरतील. पण त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना काम असले की हट्ट कमी होतो, हा पुष्कळ आईबापांचा अनुभव आहे. खांब मोजायचा, पायऱ्या मोजायच्या, सूर्याची खूण काढायची. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलपुढच्या पायऱ्या किती, हे मी मुद्दामच सांगत नाही. घरातल्या सर्वांत लहान माणसाने मोजून सांगावे. आजी-आजोबांना मात्र बसायला जागा कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे. ओव्हलपेक्षा शिवाजी पार्कचा कट्टा त्यांना सोयीचा, आणि बाणगंगेच्या पायऱ्यांपेक्षा हँगिंग गार्डनचा बाक.

शेवटी एक मुद्दा राहतो, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. जी जागा सर्वांची असते तिला धनी नसतो असे आपण धरून चालतो. ओव्हलची एके काळी अशीच दशा झाली होती. १९९० नंतरच्या दशकात आसपासचे रहिवासी न्यायालयापर्यंत गेले, मैदानाच्या देखभालीचा भार त्यांनी उचलला, आणि मैदान पुन्हा हिरवे झाले. हँगिंग गार्डनखालची टाकी पाडून नवी बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हा झाडे जातील आणि बाग कित्येक वर्षे बंद राहील म्हणून २०२३ साली नागरिकांनी आवाज उठवला, आणि तज्ज्ञांकडून टाकीची पाहणी करून घ्यावी लागली. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचऱ्याचा गुडघाभर थर साचला होता. २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलाने दर आठवड्याला तो उचलायला सुरुवात केली, माणसे जोडली गेली, आणि २०१८ मध्ये त्या वाळूतून कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. किनारा साफ करायला जाणे हीदेखील सहकुटुंब करण्यासारखी, बिनखर्चाची गोष्ट आहे. हातमोजे तेवढे न्यावेत.

या तिन्ही ठिकाणी आवाज उठवणारी माणसे कोण होती? ती त्या जागी रोज जाणारी, बसणारी, चालणारी माणसे होती. ज्या मैदानात आपण कधी पाऊल टाकले नाही, त्याचा एक कोपरा उद्या कुंपणात गेला तर आपल्याला कळणारही नाही. ज्याच्या मुलाने तिथे पहिली धाव काढली, त्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच कळेल. मोकळ्या जागेवर पहारा ठेवायचा तर तिथे आपल्या माणसांचा वावर असावा लागतो. आपण मुलांना घेऊन तिथे जातो तेव्हा त्यांची करमणूक होतेच, शिवाय ही जागा तुझी आहे, हे त्यांना न सांगता कळते.

येत्या रविवारी घरात पुन्हा तोच प्रश्न निघेल. निघू द्या. भिंतीवरचे कालनिर्णय काढा, तिथी बघा, पाऊणपट करा, डबा भरा आणि निघा. गाडीचे तिकीट मात्र आठवणीने काढा.